पोचट अंडं

कुरवंड्याला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. बहुतेक लोक शनिवारी येतात, धुक्यात फोटो काढतात, भजी खातात आणि रविवारी परततात. गेल्या पावसाळ्यात मात्र पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ चांगले आठवडाभर मुक्कामाला आले. पहिल्याच सकाळी त्यांनी मला फार नम्रपणे विचारलं, "ताई, नाश्त्याला पोच्ड एग मिळेल?"

"मिळेल की," मी म्हणाले. हे नाव हॉटेलच्या मेनूकार्डावर वाचलं होतं, आमची ओळख तेवढीच.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. "पोचाट अंडं? अगं, घरच्या कोंबड्या हायेत आपल्या. भरल्यालं असताना पोचाट कशापायी मागत्यात?"

"पोचट न्हाई, आत्या. अंडं फोडून पाण्यात सोडायचं."

"फोडून? मंग पान्यात ऱ्हाईल काय?"

प्रश्न रास्त होता. मी पाण्याला खळखळून उकळी आणली, अंडं फोडून सोडलं आणि ते पातेलंभर पसरलं. नासलेल्या दुधासारख्या चिंध्या, मधे गोटीसारखा बलक. पाहुण्यांनी वाकून पाहिलं. "जवळपास आलंय," ते म्हणाले. सभ्य माणूस.

मग मोबाईलवर पाहिलं. पाण्यात भोवरा करून मधोमध अंडं सोडायचं, असं त्यात होतं. भोवरा म्हटल्यावर सासूबाईंनी ताकाची रवी घेतली. मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी अंड्यासकट पाणी घुसळलं. त्याचं पांढरं ताक झालं, वर फेससुद्धा आला.

एवढ्यात सासरे आत आले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "फडक्यात बांधा की. चक्का बांधत्यात तसं."

पाहुण्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून दिला. त्यात अंड्याची पुरचुंडी बांधली. सासरे तिचं टोक धरून, विहिरीत बादली सोडल्यासारखे गॅसपाशी उभे राहिले. अंडं छान शिजलं, पण रुमाल सोडेना. शेवटी पाहुण्यांनी रुमाल ताटलीत पसरून ते चमच्यानं खरवडून खाल्लं. "बलक उत्तम," ते म्हणाले, "पांढऱ्याला जरा साबणाची चव येतेय."

आता हा घराच्या अब्रूचा प्रश्न झाला. दुसऱ्या दिवशी मी खुराड्यातून ताजं अंडं आणलं, वाटीत फोडलं आणि चहाच्या गाळणीत ओतलं. पातळ पांढरं खाली गळून गेलं, घट्ट तेवढं वर राहिलं. "च्याच्या गाळणीत?" सासूबाई कळवळल्या. पाण्यात लिंबू पिळलं. तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागले तसा गॅस मंद केला. वाटी पाण्याला टेकवून अंडं अलगद सोडलं. आता कुणीही हात लावायचा नव्हता आणि तेच सगळ्यात अवघड होतं. सासूबाईंचा हात दोनदा उलथन्याकडे गेला. सासऱ्यांनी तो धरून ठेवला.

झाऱ्यावर जे वर आलं, ते पांढरंशुभ्र, गुबगुबीत आणि अखंड होतं. सासूबाई हरखल्या. "अगं बया, मोदक!" म्हणाल्या आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

पाहुण्यांनी आधी फोटो काढला. मग चमचा लावला. पिवळा बलक ताटलीभर ओघळला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, हे कच्चं आहे हो."

"पण हे असंच असतं ना? तुम्ही खाल्लं असेल."

"मी? छे. कधीच नाही."

मग उलगडा झाला. त्यांची मुलगी परदेशात असते. तेल बंद, रोज पोच्ड एग, असं तिनं ठरवून दिलं होतं आणि रोज फोटो मागत होती. पुण्यात ते इंटरनेटवरचेच फोटो पाठवायचे, पण तिला संशय आला होता.

"आता भुर्जी मिळेल?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही फोटोसाठी एक पोच्ड एग करायचो आणि पाहुणे भुर्जी खायचे. फोटो झालेलं अंडं सासूबाई भाकरी आणि लसणाच्या चटणीबरोबर संपवायच्या. "लय झ्याक लागतंय," म्हणायच्या.

एका सकाळी मुलीनं थेट व्हिडिओ कॉल केला. "बाबा, माझ्यासमोर खा."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. घास तोंडात घातला, डोळे मिटले, गिळला.

"कसंय?" मुलीनं विचारलं.

"अळणी," ते म्हणाले.

सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढं होऊन ताटलीत चटणी वाढली, वर भाकरीचा चतकोर ठेवला. पाहुण्यांनी तो बलकात बुडवला. दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा होता. तिसऱ्याला तर त्यांनी फोन मिठाच्या बरणीला टेकवून दोन्ही हात मोकळे केले. मुलगी कोलेस्टेरॉलबद्दल काहीतरी सांगत होती. फोन केव्हाच घसरून आडवा झाला होता, तिला आता नुसतं आमचं छत दिसत असणार.

त्या दिवशी त्यांनी भुर्जीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, "ताई, आज दोन्ही करा."