सरदारानं जोडे काढले

सून मच्छरासाठी कडुलिंबाचा पाला पेटवती, आन त्या वासानं मला तो सरदार दिसतो. निजामाचं राज जायला आलतं. आष्टीकडची सगळी गावं त्या सरदाराच्या बंदुकीखाली होती. बाप त्याच्याविरुद्ध लढायचा, आन त्या दिवशी आमच्याच घरात, जमिनीतल्या धान्याच्या रिकाम्या पेवात लपलाता. घोड्यांचा आवाज आला तसं मायनं दारात कडुलिंबाचे डहाळे बांधले, म्हंजी घरात देवी आल्यात, आन मला घोंगडीखाली निजवलं. मी सात वर्साची, अंगावर एक फोड न्हाई. "पोरीला देवी आल्यात, सरकार," माय म्हनली. शिपाई जागीच थांबले. "चल बे माघारी, मरायचं हाय का?" एकजन दुसऱ्याला म्हनला. सरदार मात्र घोड्यावरून उतरला, दारात जोडे काढले आन एकटाच आत आला. त्याच्या तोंडभर देवीचे वण होते. ज्याला देवी येऊन गेल्या, त्याला कोन फसवनार? त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. मग पेवावरच्या फळीकडं बघितलं, मायकडं बघितलं. "किती दिस झाले, बाई?" "तीन." "लई जोर हाय," तो बाहेर ऐकू जाईल असा म्हनला, "ह्या घराकडं कुनी फिरकू नका." आठ दिसांत हिंदुस्थानची फौज आली आन त्यानं बंदुका खाली ठेवल्या. लोक म्हनले, वारं बघून वागला. असंल. मला अजून उमगलं न्हाई. बाप मात्र माझ्या तिन्ही पोरांची लग्नं बघून गेला.