ढवळेकाका आणि माझी एअर रायफल

शंकरराव ढवळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी बदनापूरहून रेल्वेनं नेमबाजीच्या सरावाला येत असे. काका रोलिंग मिलमध्ये फिटर होते आणि आमच्या क्लबच्या एअर रायफली हौसेनं दुरुस्त करून देत. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना आमच्यातली एक कडू गोष्ट मला टाळता येत नाही.

रायफलीच्या सिलिंडरमधली हवा कमी होत गेली तरी प्रत्येक छर्‍यामागे दाब सारखाच राहावा, म्हणून आत रेग्युलेटर असतो. काका तो उघडून साफ करत, दाब बसवत आणि कागदावर दहा छर्रे मारून पाहत. दहाही एकाच भोकातून गेल्याशिवाय ते रायफल हाती देत नसत.

राज्य स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी म्हणाले, "काका, जास्त थांबून मारलं की छर्रा वर जाऊन राह्यला."

"रायफल बराबर हाय. तुझा श्वास चुकून राह्यला," ते सगळ्यांसमोर म्हणाले. क्लबमधल्या मुली हसल्या.

स्पर्धेत मी सवयीप्रमाणे प्रत्येक नेमाला वेळ घेतला. छर्रे वर चढत गेले, राष्ट्रीय स्पर्धेसाठीची निवड थोडक्यात हुकली. ज्युनिअर गटातलं ते माझं शेवटचं वर्ष होतं.

चार दिवसांनी काका बदनापूरला घरी आले. चहाला नको म्हणाले आणि उभ्यानंच वडिलांशी बोलले. "पोरगी खरं बोलत होती. रेग्युलेटर उघडला, तर आत बारीक ओरखडा. थांबलं की दाब हळूहळू चढायचा. मी भराभर मारून तपासलं, मंग मला कसा दिसंल? चूक माझी हाय."

"आता सांगून काय फायदा?" वडील म्हणाले.

"फायदा न्हाई. पण तिला वाटत असंल, तीच चुकली."

क्लबमधल्या मुलींनाही त्यांनी हेच सांगितलं. तरी मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही आणि स्पर्धेत पुन्हा उतरले नाही. त्या अबोल्याची आज लाज वाटते. तेव्हा मात्र राग खरा होता.

पुढे घनसावंगीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका झाल्यावर मी माझ्या नेमबाज विद्यार्थिनींना त्यांच्याकडे नेलं. कोणत्या मुलीला नेम धरायला किती वेळ लागतो, हे काका घड्याळ लावून पाहत होते. तिची रायफल तपासताना दोन छर्‍यांमध्ये तेवढाच वेळ थांबत होते. एकेका रायफलीला अख्खी दुपार जाई.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही जड झालं. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा काकू त्यांना भरवत होत्या. मला पाहताच काकांनी तोंड फिरवलं. काकू पाणी आणायला उठल्या, तसं ताट मी पुढे ओढलं. बर्‍याच वेळानं त्यांनी माझ्या हातून घास घेतला.

काकांनी शंभरी पार करावी, असं सगळेच म्हणतील, मीही म्हणते. पण त्याआधी त्यांचा उजवा हात परत यावा आणि पुढची पुष्कळ वर्षं त्यांनी आपल्या हातानं पोटभर जेवावं.