बारा नावं, एक फुंकर

बारा रिपोर्ट टेबलावर पसरले होते आणि बाराही फर्स्ट क्लास! माझं डोकंच सणकलं. कारण त्यातलेच एक जुने कामगार, रावसाहेब, आमच्या कंपनीच्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्ये एकदा थांबायचे.

नगरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एकवीस वर्षं सिस्टर होते. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. थंड झाल्यावर चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढतात, ते खातं म्हणजे फेटलिंग. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत बसते आणि पुढे श्वास पुरेनासा होतो. रिटायर होऊन दोन-चार वर्षांत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून वर्षातून एकदा पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी. नळीत जोरात फुंकायचं, मशीन श्वासाचा आलेख काढतं. बाहेरच्या लॅबचा माणूस यायचा, कार्डावरचं नाव उतरवायचा आणि फुंकायला लावायचा. दिवसभर रांग, चेहरे त्याला काय ठाऊक!

मी आलेख एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. बाराही रेषांचं वळण एकच. खात्यात एवढा दमदार माणूस एकच होता, लग्नात सनई वाजवणारा बरकू. त्याला बोलावलं.

"किती जणांचं फुंकलंस रे?"

"आधी रावसाहेबमामांचं, सिस्टर. मग बाकीचे बी म्हनाले, आमचं पन फुंक."

पाठोपाठ रावसाहेब स्वतःच आले, धापा टाकत. "पोराला बोलू नका सिस्टर. मशीननं नापास केलं की ठेकेदार गेटवरून माघारी लावतो. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय. तेवढं निघू द्या."

"आणि नर्स होऊन तिनं पहिला पेशंट म्हणून कुणाला बघायचं? तुम्हालाच?"

बोलून गेले आणि मला लगेच वाईट वाटलं. भीती त्यांची खरी होती.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त फुंकणाऱ्याचं नाव सोडून. ते म्हणाले, "कागदावर फिट आहेत ना? मग तपासणीच्या रजिस्टरवर सही करा."

"नाही करणार. नापास होईल त्याला त्याच पगारात दुसरं खातं, असं लिहून नोटीस बोर्डावर लावा. मग परत तपासणी घ्या."

"सिस्टर, कंपनी तुम्ही चालवता का?"

"कंपनी तुम्हीच चालवा साहेब. माझी सही मी चालवते."

नऊ दिवस रजिस्टर बिनसहीचं पडून होतं, आणि तसं ते फॅक्टरी इन्स्पेक्टरला दाखवता येत नव्हतं. दहाव्या दिवशी नोटीस लागली.

या वेळी मी मशीनशेजारी उभी राहिले. पाच जण नापास झाले, रावसाहेबांचा आलेख सगळ्यात खाली. पाचही जण स्टोअर आणि पॅकिंगला गेले. पुढे फेटलिंगला धूळ ओढणारं मशीन बसलं. एकाचीही नोकरी गेली नाही. याचा मला माज आहे, आणि तो राहणार.

रावसाहेबांच्या छातीत बसलेलं काही निघत नाही. परवा माझ्या घरी पेढे घेऊन आले, तर जिन्यात दोनदा थांबले. सोबत लेक होती, सरकारी दवाखान्यात लागलेली. "बाबा, चढताना बोलायचं न्हाई," म्हणून तिनं त्यांना दटावलं.

तपासणी घेण्याआधी नापास होणाऱ्याची सोय करावी. मग ज्याची फुंकर तोच मारतो.