हितेंद्रचा बाँड आणि राकेशचा पखवाज

लालबागच्या आमच्या चाळीतला हितेंद्र दिवसभर शिवडीच्या गोदामांतून टेम्पोने माल वाहतो, पण त्याला सगळे ओळखतात ते पखवाजासाठी. सीतारामबुवांच्या भजन मंडळात मिसरूड फुटल्यापासून तोच वाजवायचा.

मग एका डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या पखवाजवाल्याने त्याच्या आईवरून शेरा मारला. हितेंद्रने त्याचं मनगट मोडलं. गुन्हा पहिलाच, म्हणून कोर्टाने शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. बुवांनी मात्र त्याची जागा राकेशला दिली.

हे त्याला कोर्टापेक्षा जास्त लागलं. राकेशचा मंडळाचा कुर्ता, राकेशच्या गळ्यातला हार, राकेशच्या व्हिडिओंना येणारे लाइक. हितेंद्र ते व्हिडिओ बघायचा आणि एकेक चूक शोधायचा. चूक सापडली नाही की जेवायचा नाही.

गेल्या महिन्यात प्रोबेशन अधिकारी मेघना मॅडमना त्याने विचारलं, "मॅडम, दीड वर्ष सरळ काढलं. आता काही झालंच, तर तेवढी शिक्षा कमी होणार ना?"

"काय होणार आहे?"

"नाही, सहज."

"हितेंद्र, तुझी शिक्षा सुरूच झालेली नाही, कमी कुठून होईल? बाँड मोडलास तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. हे दीड वर्ष त्यातून वजा नाही व्हायचं."

त्याचा चेहरा उतरला. उरले सहाच महिने, एवढे तर भोगून टाकू, अशा हिशोबाने त्याने राकेशसाठी एक ठोसा राखून ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी परळला बारी होती. हितेंद्र मागे जाऊन बसला. बुवांनी पाहिलं.

"हितू, पुढे ये रे. लांब कित्याक बसलस?"

"राहू दे बुवा," राकेश माइकवरूनच म्हणाला. "साहेबांच्या हाताला कोर्टाचं कुलूप आहे!"

मंडप हसला. हितेंद्रची मूठ वळली. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

पुढच्या गजरात पखवाजाच्या डाव्या पुडीवर खर्जासाठी थापलेली कणीक सुकली आणि खालचा नाद पोकळ झाला. पाण्याचा हात फिरवला असता तरी भागलं असतं. राकेशला ते कळेना. तो आणखी जोरात बडवू लागला. गाता गाता बुवांनी वळून हितेंद्रकडे पाहिलं.

हितेंद्र मंडपाच्या पंख्याकडे बघत बसला.

बुवा बारी हरले. राकेश मान खाली घालून पखवाज गवसणीत भरत होता. हितेंद्रने ते डोळे भरून पाहिलं, आणि शीळ घालत चाळीकडे निघाला.