मोरचुदाची पुरचुंडी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात मासोळ्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. पाहुणे विचारत, "सुनेची ती समुद्राची पेटी कुठं गेली हो?" मी म्हणायचो, "वरठीचा उन्हाळा सोसला नाही तिला." ते खोटं होतं. उन्हाळ्याचा त्यात काही दोष नव्हता.

माझं सारं आयुष्य दिघोरीला धानाच्या बांध्यांत गेलं. बायको वारल्यावर शेती ठेक्यानं दिली आणि वरठीला मुलाकडे राहायला आलो. मुलगा कारखान्यात पाळीनं कामाला जायचा. सून कोकणातली, रत्नागिरीकडची. नागपूरला शिकताना दोघांची ओळख झाली होती. आमच्याकडे पाण्याला काही तोटा नाही, गावागावाला तलाव आहे, बोडी आहे. पण समुद्राशेजारी वाढलेल्या माणसाला त्याचं काय. लग्नानंतर तिनं बैठकीत काचेची एक लांब पेटी मांडली आणि बादलीत वेगळ्या जातीचं मीठ कालवून आपल्यापुरता समुद्र तयार केला.

त्यात नारंगी पट्ट्यांचे दोन मासे होते, काचेवर चरणाऱ्या गोगलगाई होत्या, लाल-पांढऱ्या कोळंब्या होत्या आणि दगडाला चिकटून बसलेलं, बोटांच्या झुबक्यासारखं एक जिवंत फूल होतं. तळाशी मोठमोठे पांढरे शंख होते. ते तिच्या आईनं किनाऱ्यावर एकेक करून वेचले होते आणि लग्नात भांड्यांबरोबर पाठवले होते.

पहिल्यांदा पेटी पाहून मी म्हणालो, "बाई, असे झिंगे आमच्याकडे वांग्यात टाकतात."

"बाबा, त्यांच्याकडे तसल्या नजरेनं बघू नका. घाबरतात त्या."

"झिंगा कायले घाबरते मले? मीच घाबरतो तुले."

ती हसली. तेव्हापासून आमचं जमलं.

पेटीच्या काचेवर रोज शेवाळाची साय धरायची. आधी तपकिरी, पुसली नाही तर हिरवी. ती घासायला चुंबकाची जोडी होती. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला काच घासत त्याच्यामागून यायचा. तिनं मला ते शिकवलं. "वाळूजवळ खाली नेऊ नका. एक कण अडकला तरी काचेवर जन्माचा ओरखडा पडतो. आणि खिडकीचा पडदा उघडायचा नाही. ऊन आलं की शेवाळ माजतं."

मग तिची आई आजारी पडली आणि ती माहेरी निघाली. मुलाच्या पाळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पेटी तिनं माझ्यावर सोपवली. मी म्हटलं, "जा तू निश्चिंत. इतकी वर्षं धान सांभाळले, चार मासोळ्या नाही सांभाळणार?"

बैठकीत पेपर वाचायला उजेड कमी पडायचा. मी पडदा उघडला. पेटीवर ऊन येतं हे मला दिसत होतं, पण पेपर वाचून होईपर्यंतच तर उघडतो, असं मी धरून चाललो. आठवडा झाला नाही तोच काच हिरवी झाली. मी घासू लागलो, तर खांदा दुखून वर होईना. घाईत चुंबक खाली गेला, वाळूचा कण अडकला आणि काचेवर पांढरी रेघ उमटली. त्यानंतर घासायची भीतीच बसली. साय जाड होत गेली. आतले मासे सावलीसारखे दिसू लागले. ती परत येऊन हे पाहणार, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

पऱ्ह्यात, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांत, शेवाळ साचलं की आमच्याकडे मोरचूद वापरतात. जुन्या धोतराच्या फडक्यात निळे खडे बांधायचे आणि पाणी बांधीत शिरतं त्या तोंडाशी ती पुरचुंडी खुंटीला टांगायची. पाणी तिच्यावरून वाहत जातं, शेवाळ पिवळं पडून विरतं आणि पऱ्हे मोकळे होतात. हे मी इतक्या वेळा केलं होतं की त्यात विचारायचं काय, असंच वाटलं. स्टेशनच्या वाटेवरच्या कृषी केंद्रातून मोरचूद आणला. थोडेसेच खडे फडक्यात बांधले आणि पेटीतलं पाणी फिरवणाऱ्या मोटरीची धार पडते तिथं पुरचुंडी टांगली. पाणी निळंसुद्धा दिसलं नाही.

साय सुटू लागली. काच निवळली. शेजारीण साखर मागायला आली तर म्हणाली, "काका, मधात काच आहे का नाही, तेच समजून नाही राहिलं." मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोगलगाई काचेवर नव्हत्या. वाळूत उलट्या पडल्या होत्या. खायला शेवाळ उरलं नाही म्हणून खाली उतरल्या असतील, अशी मी माझी समजूत घातली. मग कोळंब्या एका जागी उभ्या राहून थरथरू लागल्या आणि संध्याकाळपर्यंत कुशीवर झाल्या. फूल आक्रसत गेलं आणि शेवटी दगडावरून सुटून पाण्यात भोवंडू लागलं. मासे तेवढे फिरत होते. स्वच्छ काचेतून मला हे सगळं लख्ख दिसत होतं.

मी पुरचुंडी काढली आणि मागच्या अंगणात खड्डा करून पुरली. कचऱ्यात टाकली नाही, पुरली. म्हणजे मला तेव्हाच सारं कळलं होतं.

त्याच दिवशी मुलाच्या फोनवर निरोप आला की तिची आई गेली.

तेरावं आटोपून ती आली. हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी पेटीपाशी गेली.

"काच किती छान ठेवलीत, बाबा," ती म्हणाली. मग खाली वाकून पाहिलं. "बाकीचे कुठे आहेत?"

"गेले, बाई. एकामागं एक."

तिनं मान हलवली आणि तिथंच फरशीवर बसली. मी मनाशी म्हटलं, आत्ता नको. दुःखातून थोडी सावरू दे. तेव्हा ते खरंच वाटलं होतं. पण पुढे ती सावरली आणि मी गप्पच राहिलो.

तिनं दोष स्वतःवर घेतला. जाताना घाईत मिठाचं प्रमाण चुकलं असेल, म्हणाली. पाणी बदललं, दगड ब्रशनं घासले, आईचे शंख धुऊन पुन्हा मांडले आणि नागपूरहून नव्या कोळंब्या आणल्या. पिशवीतून ती त्या पाण्यात सोडत असताना मी शेजारी उभा होतो. तिच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं. सकाळी त्या मेलेल्या होत्या. तिनं आणखी आणल्या. त्याही मेल्या.

मग तिनं नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. स्पीकर चालू होता. तो म्हणाला, "ताई, पाण्यात तांबं गेलं असेल. कोणी तांब्याचं भांडं बुडवलं का? माशांना एवढं होत नाही, पण कोळंबी, गोगलगाय नाही टिकत. दगडात, शंखात ते मुरून बसते. पाणी बदलून नाही जात. मग ते शंख फेकाच लागतात. एकदा टेस्ट करून घ्या."

मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असतं.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, तुम्ही तांब्याच्या गडव्यानं पाणी घालत होता का?"

"नाही, बाई. प्लास्टिकच्या मगानंच."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

ती फोनवर म्हणाली, "आमचे बाबा नाही म्हणतात. म्हणजे नाहीच." आणि ती तपासणी तिनं कधी केली नाही.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "सोड ना आता. हे काही समुद्राचं गाव नाही. आणखी किती जीव मारशील?" मी ताटातला भात कालवत राहिलो. वाढताना तिचा हात थांबला होता, तो मला दिसला. मी वर पाहिलं नाही.

पेटी रिकामी झाली. मासे कुणाला तरी दिले. शंख तिनं आईच्या लुगड्यात बांधून कपाटात ठेवले.

यंदा मुलाची बदली नागपूरला झाली आणि मी दिघोरीला परत यायचं ठरवलं. सामान टेम्पोत चढलं. ती गाडीत बसली तेव्हा मांडीवर ते लुगड्याचं गाठोडं होतं.

"तिथे पुन्हा मांडणार आहे, बाबा. या वेळी दुसरे दगड नाहीतच, सगळं आईच्या शंखांवर."

मी आठ दिवस शब्द जुळवून ठेवले होते. गाडीच्या खिडकीपाशी गेलो. ते गाठोडं तिनं लेकराला धरावं तसं धरलं होतं. एकदा तिची पेटी मी मारली. आता तोंड उघडायचं तर आईचे शंखही तिच्या हातातून काढून घ्यायचे. मी म्हणालो, "सांभाळून धर. फुटतील."

काल तिचा फोन आला. पाणी भरून झालं आहे, शंख मांडले आहेत, रविवारी कोळंब्या आणणार आहे. "काच घासायला तुम्हीच या," म्हणाली. मी विचारलं, "ऊन येते का तिथं?" ती म्हणाली, "जाड पडदा लावलाय, काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर अंधारून येईपर्यंत मी ओसरीत बसून होतो. खिडकीपाशी म्हणायचं होतं, काल म्हणायचं होतं, ते तेवढंच आहे:

बाई, मले माफ कर. उन्हाळ्यानं नाही मेले ते, तुह्या हातानंही नाही. मोरचूद म्या टाकला होता. तुह्या मायचे शंख पाण्यातून काढून घे.