उलटा फेरा

रिगीनोसच्या अंगाचा राळेचा वास काही जात नव्हता. राळ काढायचं काम सुटून पंचवीस वर्षं झाली, तरी त्याची बायको लेमोन्या आल्यागेल्याला सांगायची, "ह्याला उनात उभा करा, आजून गळंल!"

पाइनच्या खोडाला ओरखडा काढायचा, खाली पत्र्याचं भांडं अडकवायचं, भरलं की डब्यात ओतायचं. मिसरूड फुटायच्या आधीपासून बापाच्या मागं हेच केलेलं. पुढं राळेला कोणी विचारीना, तेव्हा बेटावरचे बाकीचे बोटींवर गेले. रिगीनोसनं आलुबुखाऱ्याची बाग केली, पण रानाचा फेरा सोडला नाही. आठवड्यातून एकदा चर्चमागून पूर्वेच्या वाटेनं चढायचं आणि अख्ख्या रानाला वळसा घालून पश्चिमेनं उतरायचं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचा, "झाडं वळखीची हायती. न्हाई गेलं तर रुसत्यात."

फेऱ्यात दोन कडे लागतात. आधी पूर्वेचा गरुडकडा, मग पश्चिमेचा शिडकडा. दोन्हीवरून गाव तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. कड्यावर पोचलं की राळेच्या डब्याचं झाकण उन्हात धरून चमकवायचं. खाली अंगणात लेमोन्या कठड्यावर तांबडी घोंगडी टाकायची. पोचलो. बघितलं. एवढंच बोलणं. राळ काढणाऱ्यांच्या घरात ही रीत बापजाद्यांपासूनची, आणि रानात मोबाइल चालत नाही म्हणून आजही टिकलेली.

यंदाच्या थंडीत त्याच्या छातीत कळ आली. बोटीनं व्होलोसच्या इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी आत स्प्रिंग बसवली आणि रोज चाला म्हणून सांगितलं. पण थेस्सालोनिकीहून आलेल्या मुलीचा, आसिमीनाचा, वेगळाच हुकूम.

"एकट्यानं रानात जायचं नाही, बाबा. बंदरावर चक्कर मारा."

"बंदरावर म्हातारी मानसं चालत्यात."

"मग तुम्ही कोण?"

"त्यांच्यात बसलो म्हंजी त्यांच्यातलाच व्हईन की गं!"

शेवटी लेमोन्यानं तोड काढली. "तू जा त्याच्यासंगं एकडाव. न धापलता फेरा मारला तर परत त्वांड उघडायचं न्हाई. धापलला तर त्याचं बूट अगालोसला."

अगालोस शेजारचा, खेचरवाला. तो कुंपणावरूनच ओरडला, "आनून द्या, वाट बघतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. चर्चमागं वाट फुटते तिथं आसिमीना थांबली. "पूर्वेचा चढ उभा आहे. आपण पश्चिमेनं जाऊ."

"उलटा फेरा घेत न्हाईत."

"का?"

सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या सांगण्यात पडलेली माणसं येणार, मोडलेले पाय येणार. आज हिच्यापुढं ते काढणं म्हणजे आपल्या हातानं बूट सोडून देणं. "चल, तू म्हनशील तसं," म्हणून तो पश्चिमेला वळला.

रान सुईपानांनी मऊ झालेलं. वरून ऊन गाळून यायचं, खाली समुद्र निळाशार दिसायचा. जुन्या झाडांवरचे ओरखडे अजून होते; रिगीनोस जाता जाता एकेकावर हात फिरवायचा. पण सारं ध्यान आपल्या श्वासाकडं. परीक्षेला बसल्यासारखा नाकानं घ्यायचा, नाकानं सोडायचा. मागं आसिमीनाचाच भाता चालू होता. तिनं दोनदा पाणी मागितलं. तो ऐटीत म्हणाला, "बस की वाईच. मी हाय हितंच."

शिडकड्यावर तो तिच्या आधी पोचला. धाप नाही, कळ नाही. छाती फुगवून त्यानं पिशवीतलं झाकण काढलं, उन्हात धरलं आणि लखकन चमकवलं.

खाली अंगणात लेमोन्या उठून उभी राहिली. घोंगडी काही कठड्यावर पडली नाही. ती छातीशी धरून, गुडघ्यांचं दुखणं विसरून, ती अगालोसच्या फाटकाकडं पळाली.

रिगीनोसनं कपाळावर हात मारला. घाईघाईनं पुन्हा झाकण चमकवलं. मग आणखी एकदा. खाली चर्चची घंटा वाजायला लागली.

"काय झालं, बाबा?"

आता सांगणं भाग होतं. "पोरी, रानात कोन पडला तर लोक फेरा पुरा करत न्हवतं. त्याला उचलून पश्चिमंच्या सोप्या वाटंला आनायचं आन् ह्या कड्यावरनं चमकवायचं. गरुडकड्याच्या आधी शिडकडा चमकला म्हंजी मानूस पडलंय, खेचर घिऊन या."

"आणि तुम्ही तीन वेळा चमकवलंत!"

"व्हय. म्हंजी आता मेलोच असंन त्यांच्या लेखी."

आसिमीना घाईनं खाली उतरायला वळली. रिगीनोसनं फडक्यातली शेळीचं चीज भरलेली गोल वळ्याची पोळी सोडली, त्यातला मोठा तुकडा तिला दिला आणि म्हणाला, "खा. आता हितनं हलू नी. येनाऱ्याला मानूस जाग्यावर गावला पायजे."

आधी खेचराच्या घंटा ऐकू आल्या, मग माणसं दिसली. दहाबारा जण, दोर, पाण्याच्या बाटल्या, कोणीतरी घरातली खुर्चीसुद्धा आणलेली. खेचरावर लेमोन्या. गुडघे गेल्यापासून ती इथवर आलीच नव्हती. चीज खाणारा नवरा तिनं बघितला आणि घोंगडीच त्याच्या अंगावर फेकली.

"जित्ता हायस व्हय रं, मुडद्या!"

"तुझ्या लेकीनं उलटं आनलं!"

"आन् तुला जीभ न्हवती?"

अगालोस दम खात रिगीनोसच्या पायांकडं बघत म्हणाला, "जाऊ दे. तसंबी बूट माझ्या मापाचं न्हाईत."

सगळे तिथंच बसले. चीजची पोळी हातोहात संपली. आसिमीना त्या दहाबारा जणांकडं, त्या खुर्चीकडं बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "बंदरावर पडलात तर एवढी माणसं येतील का हो?"

"तितं? तितं समद्यांना वाटंल, म्हातारं झोपलंय."

ती हसली. "मग रानातच जा. बूट राहू देत. पण उलटं जायचं नाही."

"म्या कवा जातो?"

गाव माघारी फिरलं. पण लेमोन्या म्हणाली, आता आलेच आहे तर फेरा पुरा करते. अगालोसनं कुरकुरत खेचर पुढं काढलं. दुपार कलायला आली तेव्हा ते गरुडकड्यावर पोचले. रिगीनोसनं सवयीनं झाकण काढून चमकवलं. खालचं अंगण रिकामं, कठडा उघडा.

लेमोन्या खेचरावरून वाकून आपलंच घर न्याहाळत होती. मांडीवरची घोंगडी तिनं खेचराच्या मानेवर टाकली.

"बघितलं," ती म्हणाली.