गोलकीपर शोधणारे सर

"चेंडू बघू नका बाई. चेंडूला बघायला अख्खं मैदान आहे."

सरांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एकदा वैतागून म्हणाले, "मग काय तुमच्याकडे बघू?" सर लाजले, पण जागचे हलले नाहीत. सामना चालू झाला की सगळ्यांच्या माना एकीकडे आणि ह्या गृहस्थांची दुसरीकडे. चेंडू त्या टोकाला, पोरी त्या टोकाला, शिट्टीवाला त्या टोकाला. आणि हे अलीकडच्या ओसाड गोलशेजारी उभे राहून तिथल्या एकट्या गोलकीपरकडे टक लावून बघणार. तुम्ही कधी हॉकीच्या मैदानावर गेलात तर हे करून बघा. पाच मिनिटांत जांभई येते.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. हॉकीशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण मुलींची टीम बाहेर न्यायची तर सोबत एक बाई हवी असा नियम होता. माझं लग्न झालेलं नव्हतं, घरी कुणी वाट बघत नव्हतं, म्हणून मुख्याध्यापिकांनी ते लचांड माझ्या गळ्यात मारलं. नव्वदनंतरची ती सात-आठ वर्षं माझे रविवार ह्या माणसाने खाल्ले.

सर तेव्हा पन्नाशीत होते. राहायला जुन्या गावात, भद्रकालीत. तरुणपणी एका कारखान्याच्या टीमचे गोलकीपर, पुढे आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली, त्यामुळे नमस्कार केला तरी तो अर्धाच वाटायचा.

बाकीच्या शाळांत गोलकीपर निवडायची रीत सोपी होती. जिला पळता येत नाही तिला गोलमध्ये उभी करायची. सरांना ह्याची भयंकर चीड. "उरलेल्या पोरीची जागा आहे का ही?" असं म्हणत ते वर्गावर्गांतून फिरायचे. मध्येच खडू फेकायचे. कोण डोळे मिटतं, कोण मान फिरवतं, कोण हात पुढे करतं, एवढंच बघायचे आणि निघून जायचे. आमच्या गणिताच्या बाईंनी तक्रारही केली होती, की सर वर्गात खडू वाया घालवतात.

एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी न सांगता माझ्याकडे संत्रं फेकलं. मी डोळे गच्च मिटून किंचाळले. संत्रं हजेरीपटावर फुटलं.

"नाही जमणार तुम्हाला," सर गंभीरपणे म्हणाले.

"मी अर्ज केला होता का?" मी विचारलं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

यमुना त्यांना सापडली ती जेवणाच्या पंगतीत. आमच्या शाळेत शेजारच्या वसतिगृहातल्या मुली यायच्या, पेठ-सुरगाण्याकडच्या. कसल्याशा सहीसाठी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. पोरी ओळीने जेवायला बसलेल्या. तेवढ्यात वाढणाऱ्या मावशींच्या हातून स्टीलच्या ताटांची चळत सटकली. काय तो आवाज! मी कानांवर हात ठेवले, पोरी दचकून आक्रसल्या, कुणाचं वरण सांडलं. सरांनी माझा दंड धरला. मी म्हटलं, आता ह्यांना काय झालं?

"ती बघा. तिसरी."

तिसरी पोरगी घास हातात धरून, डोळे उघडे ठेवून, घरंगळत जाणाऱ्या शेवटच्या ताटाकडे बघत होती. ताट भिंतीला टेकून आडवं झालं, तेव्हा तिने घास तोंडात घातला. सातवीतली, सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, चणीने लहान. सरांनी तिला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"ताटच व्हतं ना सर," ती म्हणाली.

घरी जाताना ह्या माणसाने मला उसाचा रस पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिच्या मापाचे पॅड बाजारात नव्हते. सरांनी त्यांच्या गल्लीतल्या गादीवाल्याकडून कापूस भरून शिवून घेतले. ते पायाला बांधले की यमुना बदकासारखी चालायची आणि स्वतःच हसायची. पावसात भिजले की एकेक पॅड उचलायला दोन पोरी लागायच्या, आणि ते वाळत घालायला सरांना जागा सापडायची ती स्टाफरूममधली माझी खुर्ची. त्या वासाने माझं डोकं उठायचं. मी पॅड खिडकीबाहेर ठेवायचे, सर पुन्हा आत आणायचे. ह्यावरून आमची इतकी भांडणं झाली की शेवटी शिपायाने मला दुसरी खुर्ची आणून दिली.

सरांनी गोल राखायची एक पद्धत बसवली होती. मनीषा म्हणून आमची एक उंच, शहाणी पोरगी होती, बचावाला गोलच्या पुढे खेळायची. डावी बाजू मनीषाची, उजवी यमुनेची. डावीकडून मनीषा कुणाला मारूच देणार नाही, आणि यमुनेने डावीकडची काळजीच करायची नाही. दोघींनी हे इतकं घोटलं होतं की मैदानात एकमेकींना हाकही मारावी लागायची नाही. मैदानाबाहेरही दोघी चिकटलेल्या असायच्या. मनीषाच्या घरून आलेला डबा अर्धा यमुनेच्या पोटात जायचा.

आता ह्या सगळ्यात अडकलं काय होतं ते सांगते. पुण्याला सरकारी क्रीडा वसतिगृह होतं. निवड झाली तर राहणं, खाणं, शाळा, खेळ, सगळं बारावीपर्यंत. नाही झाली तर यमुना दिवाळीनंतर आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जाणार, हे तिच्या बापाने सरांना तोंडावर सांगितलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, धाकली तीन हायेत. एकटीला कुठवर बसवू?" आणि निवड चौदाच्या आतल्यांचीच. आठवीतल्या यमुनेची ती शेवटची संधी होती. हे सरांनी तिला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, मला वाटतं रस्त्यावरच्या माणसांनाही सांगितलं असेल.

निवडीचे लोक आधी उंची मोजायचे. गोलकीपर ठरावीक उंचीची नसेल तर स्टिक हातात घ्यायच्या आधीच बाजूला. यमुना अगदी काठावर होती. कुठूनतरी सरांना कळलं होतं की माणूस झोपून उठला की जरा उंच असतो आणि दिवसभर उभा राहून बुटका होतो. झालं! निवडीच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला अंथरुणातून उठूच दिलं नाही. रिक्षा दारात आणली, तिला मागच्या सीटवर आडवी घातली, तिचे पाय माझ्या मांडीवर, आणि स्वतः रिक्षावाल्याशेजारी अर्ध्या सीटवर. द्वारका चौकाच्या खड्ड्यांतून सर ओरडताहेत, "हळू चालव रे बाबा, पोरगी दबेल!" रिक्षावाल्याला वाटलं आम्ही पेशंट घेऊन चाललोय. यमुना पदर असता तर तोंडात कोंबला असता इतकी हसत होती.

आणि उंची बसली. मोजपट्टीवाला दोनदा वाकून बघत होता, पण बसली. सर मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि उगाच बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लागले. मला इतका आनंद झाला की मी कुणा अनोळखी शाळेच्या पोरींनाही लिंबाच्या फोडी वाटल्या.

मग सामना. वेगवेगळ्या शाळांच्या मुली मिसळून दोन संघ केले होते. यमुना आणि मनीषा एकाच संघात आल्या. मनीषाला वडील पुण्याला पाठवणार नव्हते, ती नुसती संख्या भरायला उतरली होती. सरांनी बघितलं, दोघी एकत्र आहेत, आणि खूश झाले. पण तो संघ निघाला भलताच जोरदार. चेंडू सारखा पलीकडच्या टोकाला. पलीकडची गोलकीपर आडवी पडतेय, अडवतेय, निवडीचे तिघेही तिच्याच मागे जाऊन उभे राहिलेले. इकडे यमुना एकटी. पूर्वार्ध संपला तरी तिच्याकडे एक चेंडू फिरकला नव्हता.

ज्या गोलकीपरकडे चेंडू येत नाही तिला पारखणार कसं? मला इतिहासातलं एवढं तरी कळत होतं, की ज्याच्यावर स्वारीच झाली नाही त्याचा पराक्रम कुणी लिहीत नाही. निवडवाल्यांतला एकजण मोटारीची किल्ली बोटात फिरवत होता.

मध्यंतरात मनीषा माझ्याकडे लिंबू घ्यायला आली. सर तिच्याजवळ आले. हळूच म्हणाले, "मनीषा, सोपा बघून एक सोड. एकच. यमुनेला नको सांगूस."

मनीषाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बरं सर," म्हणाली.

तेव्हा मला ती युक्ती फार हुशारीची वाटली, खोटं कशाला बोलू? यमुना कुठलाही सोपा चेंडू धरणारच होती. सरांनी निवडवाल्यांना विनंती करून यमुनेच्या गोलमागे आणलं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि एक बारीकशी फॉरवर्ड डावीकडून चेंडू घेऊन आली. मनीषा पुढे झाली आणि ऐन वेळी बाजूला सरकली. यमुना उजवीकडे होती. तिथेच असायला शिकवलं होतं तिला. डावी बाजू मनीषाची. चेंडू सरळ, सावकाश, मोकळ्या डावीकडून आत गेला. तिने वळून झेप घेतली तेव्हा तो गोलच्या मागच्या फळीवर आपटून परत येत होता.

पुढचं मी सांगते ते नीट ऐका, कारण ते बघणारे आम्ही दोघंच होतो. यमुना उठली. रडली नाही, मनीषावर ओरडली नाही. चेंडू उचलून शिट्टीवाल्याला दिला, मनीषाच्या पाठीवर थोपटलं, पुन्हा उजवीकडे जाऊन उभी राहिली आणि डावी बाजू पुन्हा मनीषाला दिली. सरांनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. "बाई, बघितलंत? बघितलंत?"

मी बघितलं. निवडवाले त्या बारीक फॉरवर्डचं नाव विचारत होते.

त्या फॉरवर्डची निवड झाली. यमुनेच्या नावापुढे खूण झाली नाही.

दिवाळीनंतर वसतिगृह भरलं तेव्हा यमुनेची जागा रिकामी होती. सर मला स्कूटरवर मागे बसवून दिंडोरीच्या बागा हुडकत फिरले. एका रविवारी सापडली. आईशेजारी, हात मणी फुगवायच्या औषधाने पिवळे, द्राक्षांचे घड एकेक करून भांड्यात बुडवत होती. आम्हाला बघून तोंडभर हसली. "बाई, तुम्हीपण?"

सर म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे."

"वय नाय बसायचं सर. तुम्हीच म्हणला व्हता."

सर खाली बसले, तिथेच मातीत. म्हणाले, "यमुना, मनीषाला मीच सांगितलं होतं. एक चेंडू सोड म्हणून. तुझा खेळ दिसावा म्हणून."

ती घड हातात धरून थांबली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. जरा विचार करून म्हणाली, "मंग मला सांगायचं ना सर. मी डावीकडं ऱ्हायली असती."

मुकादमाने हाक मारली तशी ती पुढच्या वेलीकडे गेली. पुढच्या हंगामात तिचं लग्न गुजरातच्या बाजूला झालं असं वसतिगृहातल्या मुलींकडून कळलं. कुठल्या गावाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी बागेतून परत येताना सर एका टपरीवर थांबले. चहा निवत ठेवून म्हणाले, "बाई, मी काही केलं नसतं तर?"

"तर तिच्याकडे चेंडूच आला नसता. कुणी बघितलंच नसतं."

"म्हणजे तसंही नाही आणि असंही नाही."

"नाही," मी म्हटलं. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्यांनी चहा तसाच ठेवला.

त्यानंतर सरांनी हॉकी सोडली. सामानाच्या खोलीची किल्ली ऑफिसात नेऊन दिली आणि सकाळची कवायत तेवढी घ्यायला लागले. मनीषा काही दिवस शाळा सुटल्यावर स्टिक घेऊन मैदानावर उभी राहायची. सर दुसऱ्या फाटकाने घरी जायचे. मी त्यांना बोलले, भांडले, "पोरीचा काय अपराध?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "तिच्याकडे बघवत नाही बाई." पुढे मैदानाच्या अर्ध्या भागात शिक्षकांच्या गाड्यांसाठी पत्रे घातले. उरलेल्या भागात स्नेहसंमेलनाचा मांडव पडायचा.

सर निवृत्त झाले, मग साखरेने पाय गेला, आणि दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात ते गेले. बातमी कळताच मी भद्रकालीत गेले. सरांच्या बायकोजवळ, भाभींजवळ बसले. जनाजा उचलला तेव्हा बायकांबरोबर दारात येऊन उभी राहिले, तर समोरच्या ओट्याला टेकून मनीषा. कडेवर पोर. सिन्नरहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिला कुणी कळवलं कोण जाणे.

ती माझ्याजवळ आली. कसं चाललंय, काय, काही विचारलं नाही.

"बाई, सर म्हणाले होते सोपा बघून सोड. मी सोपाच सोडला होता हो. सरळ येत होता, हळू येत होता. मला वाटलं यमुना धरेल." तिचा आवाज तेरा वर्षांच्या पोरीचा झाला होता. "माझी चेंडू निवडण्यात चूक झाली म्हणून सर माझ्याशी बोलायचे बंद झाले ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझी काही चूक नव्हती."

"मग त्यांनी मला परत एकदाही हाक का नाही मारली?"

मी गल्लीकडे बघितलं. माणसं टोकाशी वळत होती. सरांना घेऊन पुढचे खांदेकरी दिसेनासे झाले होते, आणि मनीषा पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती.